काचेची कमान



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झाले, नाट्यसंगीत झाले, होळकरशाहीचा इतिहास तर अनेकदा झाला. त्या पंगतीत मोटारीच्या स्प्रिंगचा विषय घेऊन बसताना मला थोडा संकोच वाटतो. पण कार्यवाहांनी आग्रह धरला की, "तुम्ही आयुष्यभर जे केलंत तेच सांगा, फक्त आम्हाला कळेल असं सांगा." पीथमपूरच्या कारखानदारीत माझी बत्तीस वर्षे गेली. त्यातली निम्मी तरी गाडीच्या पोटाखाली वाकून गेली. तेव्हा जे तिथे पाहिले तेच आज सांगतो.

सुरुवात शब्दापासून करतो, म्हणजे विषय सभेला अगदीच परका वाटणार नाही. ट्रकच्या खाली, चाकाजवळ, एकावर एक रचून आवळलेल्या बाकदार पोलादी पट्ट्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. महाराष्ट्रातले गॅरेजवाले त्यांना 'पाटे' म्हणतात. आपल्या इंदूरात हेच काम करणारा कारागीर 'कमानी' म्हणतो. कमान हा शब्द फारसी आणि त्याचा मूळ अर्थ धनुष्य. मराठीने तो दारावरच्या अर्धगोलासाठी घेतला, घड्याळातल्या स्प्रिंगसाठी घेतला आणि 'तीरकमान' या जोडशब्दात मूळ अर्थानेही ठेवला. ज्याने कोणी गाडीच्या स्प्रिंगला प्रथम कमानी म्हटले असेल त्याला यंत्रशास्त्र येत नसेल, पण त्याची नजर अचूक होती. धनुष्य आणि गाडीची स्प्रिंग यांचे काम एकच आहे. वाकताना ऊर्जा साठवायची आणि सुटताना ती परत द्यायची.

धनुष्याची आठवण काढण्याचे आणखी एक कारण आहे. मध्य आशियातल्या घोडेस्वारांचे आखूड धनुष्य हे एका लाकडाचे नसे. मधे लाकडाचा गाभा, तिरंदाजाच्या बाजूला शिंगाची पट्टी, बाहेरच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सारे सरसाने चिकटवलेले. धनुष्य ओढले की आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. शिंग दाब चांगला सोसते, स्नायूतंतू ताण चांगला सोसतो. ज्याला जे जमते ते काम त्याला दिलेले. तुर्क आणि मोगल यांच्याबरोबर ही धनुष्ये हिंदुस्थानात आली आणि कित्येक शतके वापरात राहिली. दोन-तीन वेगळे पदार्थ जोडून, त्यातल्या एकट्यात नाही असा गुण जोडणीत आणायचा, याला आज आम्ही 'संमिश्र पदार्थ' म्हणतो. कारखान्यात त्याला नुसते 'फायबर' म्हणतात. तेव्हा फायबरची स्प्रिंग ऐकून कोणी ही नवलाई म्हणू लागला, तर त्याला सांगावे की संमिश्र कमान पोलादी कमानीपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

गाडीच्या कमानीचा इतिहास त्यामानाने छोटा. इंग्लंडातल्या ओबादाया एलियट नावाच्या कारागिराने १८०४ साली घोडागाडीसाठी लंबगोल आकाराच्या, अनेक पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. आपल्या जुन्या इंदूरच्या टांग्यांना ज्या कमानी असत त्या त्याच कुळातल्या. पुढे मोटार आली, रबरी धावा आल्या, धक्काशोषक आले, पण पाट्यांचा संच मूळ स्वरूपात तसाच राहिला. भारतातल्या बहुतेक मालमोटारी आजही त्याच्यावर चालतात.

आता खरा प्रश्न असा की स्प्रिंगला पदार्थ कसा हवा?

हा प्रश्न मी नव्याने रुजू झालेल्या मुलांना विचारत असे आणि शंभरातले नव्वद उत्तर देत, "कडक आणि मजबूत." यातला मजबूत बरोबर आहे, कडक चूक आहे. आपल्याकडे टणकपणाला गुण मानायची सवय आहे. दगडाची भिंत, सागाचा वासा, पोलादी पाते यांत टणकपणा हवाच. पण स्प्रिंगचे काम टणक राहून होत नाही, ते वाकून होते. चाक खड्ड्यात आदळते तेव्हा जी ऊर्जा वर येते, ती क्षणभर कुठेतरी ठेवावी लागते. ती ठेवण्याची जागा म्हणजे स्प्रिंग. साठवण किती, हे दोन गोष्टींवर ठरते. पदार्थ न तुटता, वर्षानुवर्षे, किती ताण सहन करतो ही पहिली गोष्ट. तो ताण येईपर्यंत तो किती लांबतो ही दुसरी. या दोहोंच्या गुणाकाराचे निम्मे म्हणजे साठलेली ऊर्जा. जो पदार्थ भरपूर ताण सोसतो पण जागचा हलत नाही, त्याच्या कोठारात धान्य थोडेच मावणार.

थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ घेतो. स्प्रिंगच्या पोलादाला दीर्घकाळच्या वापरासाठी एका चौरस मिलिमीटरला ५० किलोचा ताण द्यायचा ठरवला, तर त्याच्या एका किलो वजनात साधारण ७५ जूल ऊर्जा साठते. ती सोडली तर त्या एक किलो पोलादाला सुमारे साडेसात मीटर, म्हणजे दोन मजल्यांहून थोडे वर उचलील. आता काचेचे तंतू राळेत एकाच दिशेने बसवलेला पदार्थ घ्या. त्याला आपण सावधपणे कमी, ३५ किलोचाच ताण देऊ. पण तो पोलादाच्या मानाने पाचपट लवचीक आहे आणि वजनाला चौथा हिस्सा. हिशेब केला तर एका किलोत ७५० जूलच्या आसपास साठतात. तोच पदार्थ स्वतःला पंचाहत्तर मीटर उंच उचलील. कमी ताण देऊनही दहापट साठवण.

इथे कोणी विचारील, मग विमानात आणि शर्यतीच्या गाड्यांत वापरतात तो कार्बनचा तंतू का घेत नाही? तो तर काचेहून मजबूत आणि हलका. बरोबर. पण तो काचेहून तीन-चारपट ताठही आहे. मजबुतीत जे कमावले ते ताठरपणात बरेचसे गमावले, म्हणून स्प्रिंगच्या बाबतीत तो काचेच्या थोडाच पुढे जातो आणि किंमत मात्र कित्येक पट मोजावी लागते. पंखासाठी कार्बन, कमानीसाठी काच. स्वस्त वस्तू गुणानेही योग्य ठरावी असे आमच्या धंद्यात क्वचित घडते, म्हणून हे उदाहरण मला फार आवडते.

पण काच! जी बांगडी उंबरठ्याला लागली तरी फुटते, ती ट्रकखाली कशी टिकणार?

याचे उत्तर एका इंग्रज संशोधकाच्या प्रयोगात आहे. अ‍ॅलन ग्रिफिथ हा फार्नबरो येथील विमानविषयक सरकारी संस्थेत काम करीत असे. पदार्थ तुटतात कसे यावरचा त्याचा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. त्याने काच तापवून तिचे वेगवेगळ्या जाडीचे तंतू ओढले आणि एकेक ताणून तोडून पाहिला. सुमारे एक मिलिमीटर जाडीची काडी जेवढ्या ताणाला तुटली, त्याच्या जवळजवळ वीसपट ताण त्याच्या सर्वांत बारीक तंतूने सोसला. तो तंतू एका मिलिमीटरच्या तीनशेव्या हिस्स्याइतका बारीक होता. काच तीच, फरक फक्त जाडीचा. ग्रिफिथचे म्हणणे असे की काच मुळात दुबळी नाही. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म ओरखडे असतात आणि ताण आला की तो प्रत्येक ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो. तिथून तडा धावत सुटतो. तंतू जितका बारीक, तितकी त्याच्यावर मोठा ओरखडा असण्याला जागाच कमी. काच फुटते ती काच असल्यामुळे नव्हे, ओरखड्यामुळे. सुताराला किंवा काच कापणाऱ्याला हे हाताने ठाऊक असतेच. तो हिऱ्याच्या टोकाने एक रेघ ओढतो आणि मग अलगद मोडतो. ग्रिफिथने त्या रेघेचे गणित मांडले.

पण नुसत्या तंतूंची जुडी म्हणजे स्प्रिंग नव्हे. दोरीला ताणता येते, वाकवून परत उभी राहायला लावता येत नाही. म्हणून तंतू राळेत बसवायचे. राळ हा आपला जुना शब्द आहे. इथली राळ मात्र झाडाची नसून कारखान्यातली, बहुधा इपॉक्सी जातीची. ती आधी पातळ असते, तंतूंच्या मधे शिरते, मग उष्णतेने कायमची घट्ट होते. ती तंतूंना जागेवर धरते, एका तंतूचा भार शेजाऱ्याला पोचवते आणि बाहेरचा ओरखडा तंतूपर्यंत जाऊ देत नाही. एखादा तंतू तुटलाच तर त्याचा तडा राळेत येऊन बोथट होतो, पलीकडच्या तंतूत उडी घेत नाही. शेणामातीच्या गिलाव्यात आपण तूस घालत असू ते याच बुद्धीने, फक्त तिथे हिशेब नव्हता. देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या आपण जाता-येता पाहता. त्यांची लांबलचक पातीही काचतंतू आणि राळ यांचीच, आणि वाऱ्यात वाकून सरळ होण्याचे काम तीही दिवसभर करतात.

गाडीत हा पदार्थ मोठ्या संख्येने प्रथम आला तो अमेरिकेत. शेवरोलेची कॉर्व्हेट ही खेळकर मोटार १९५३ पासूनच फायबरच्या बॉडीची होती. १९८१ साली तिच्या मागच्या चाकांसाठी, आडवी बसवलेली, एकाच पाट्याची काचतंतूंची स्प्रिंग आली. आधीचा पोलादी संच अनेक पाट्यांचा आणि वीसेक किलोंचा होता. त्याच्या जागी साडेतीन-चार किलोंचा एक पाटा बसला. १९८४च्या नव्या कॉर्व्हेटमध्ये तो पुढेही आला आणि पुढची पस्तीसेक वर्षे ती गाडी काचेच्या कमानीवर धावली. २०२०च्या नमुन्यात इंजिन मधे गेले आणि तिथे गुंडाळी स्प्रिंग आली. स्पर्धेतल्या, बेदरकारपणे चालवल्या जाणाऱ्या गाडीत काच इतकी वर्षे टिकली, ही साक्ष मला प्रयोगशाळेतल्या आलेखांपेक्षा मोलाची वाटते.

तुम्ही म्हणाल, सोळा किलो वाचले तर एवढे काय? दीड टनाच्या गाडीत सोळा किलो म्हणजे एक गव्हाची गोणीसुद्धा नाही. पण वजन कुठले वाचले हे पाहायला हवे. पाठीवर पाच किलोचे ओझे घेऊन चालून पाहा आणि मग तेच ओझे दोन्ही पायांना बांधून चालून पाहा. चाकाबरोबर वरखाली उडणारे वजन हे पायाला बांधलेले ओझे आहे. ते जितके कमी, तितके चाक रस्ता सोडत नाही आणि आतल्या माणसाची हाडे कमी खिळखिळी होतात. पाट्यांच्या संचाचे साधारण निम्मे वजन या उडणाऱ्या भागात मोजतात. शिवाय पोलादी पाटे एकमेकांवर घासतात. लहान खड्ड्यांवर ते घर्षणानेच अडून बसतात आणि धक्का जसाच्या तसा वर देतात. जुन्या बसचा तो करकर आवाज हे त्या घर्षणाचे गाणे. एकच पाटा असला की घासायला दुसरा नाही. मात्र ते घर्षण धक्का जिरवण्याचेही थोडे काम करीत होते, ते आता धक्काशोषकावर पडते, आणि तो चांगल्या प्रतीचा लावावा लागतो. हे विसरून नुसता पाटा बदलला तर गाडी झोपाळ्यासारखी डुलते.

युरोपात मर्सिडीजच्या स्प्रिंटर या मालवाहू व्हॅनला पुढे अशी आडवी काचतंतूंची कमान असते. व्होल्वोने २०१५च्या एक्ससी-९० गाडीत मागे ती बसवली. तिथे इपॉक्सीऐवजी पॉलियुरेथेन जातीची राळ वापरली, गुंडाळी स्प्रिंगांच्या मानाने साडेचार किलोच्या आसपास वजन वाचवले आणि डिकीत जागाही मिळवली. ऑडीने २०१४ साली गुंडाळी स्प्रिंगच काचतंतूंची करून दाखवली. हे जास्त अवघड आहे. पाटा वाकतो, गुंडाळीची तार मात्र पिळली जाते. म्हणून तंतू लांबीच्या दिशेने ठेवून भागत नाही, ते तारेवर ४५ अंशांच्या तिरक्या घेरात, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे गुंडाळावे लागतात. पोलादी स्प्रिंग २.७ किलोची, काचेची १.६ किलोची. पाट्याइतका मोठा फायदा इथे होत नाही, कारण तंतूला त्याच्या आवडत्या दिशेने काम मिळत नाही.

दिशेचा हा मुद्दा मला माझ्या चुकीतून कळला. ती चूकही सांगतो.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या कारखान्यात एका हलक्या मालगाडीसाठी फायबरच्या पाट्याचा प्रयोग झाला. पाटा बाहेरच्या एका छोट्या कंपनीने साच्यात दाबून करून दिला. पोलादी पाट्यांच्या मधोमध एक भोक असते, त्यातून सेंटर बोल्ट जातो आणि सगळे पाटे जागेवर राहतात. पंधरा वर्षे मी तेच पाहत आलो होतो. मी सांगितले, याही पाट्याला भोक पाडा. त्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "साहेब, भोक नको. यू-बोल्टखाली रबराची गादी देऊन बाहेरून आवळू." मी ऐकले नाही. मी वयाने मोठा होतो आणि गिऱ्हाईकही होतो.

पोलाद सगळ्या दिशांना सारखे असते. त्यात भोक पाडले तर तेवढी जागा कमी होते आणि भोकाच्या कडेला ताण वाढतो, पण बाकीचे पोलाद सांभाळून घेते. फायबरच्या पाट्यात भोक म्हणजे शेकडो तंतू मधेच कापलेले. तुटलेल्या टोकांचा भार बाजूच्या तंतूंना राळेतूनच द्यावा लागतो आणि राळ त्या दिशेने फार दुबळी. बांबू आडवा तोडायला कोयता लागतो, उभा चिरायला पाते नुसते टेकवले तरी पुरते, तसेच हे. चाचणीची गाडी मानपूरच्या घाटातून परत येत असताना चालकाला ती एका अंगाला कललेली वाटली. त्याने बाजूला घेऊन पाहिले, तर पाटा भोकापासून दोन्ही बाजूंना उभा चिरत गेला होता. तुटला नव्हता. फक्त ढिला पडून बसला होता. तो चालक तीसेक किलोमीटर हळूहळू गाडी चालवत कारखान्यात आला.

त्या दिवशी मला दोन गोष्टी एकदम कळल्या. पहिली, मी मूर्खपणा केला. दुसरी अशी की पोलादी मुख्य पाटा घाटात तुटला असता तर आवाज करून क्षणात तुटला असता. हा पाटा आधी कलला, मग चिरत गेला, बोलला आणि वेळ दिला. चांगल्या रचनेत फायबरचा पाटा असाच हळूहळू निकामी होतो, हे आज सर्वमान्य आहे. पुढच्या खेपेला त्या तरुणाच्या म्हणण्याप्रमाणे बिनभोकाचा पाटा केला, टोकांना पोलादाचे वेगळे डोळे बसवले आणि तो चाचणीत पास झाला.

पास झाला, पण गाडीवर चढला नाही. का, हे सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. कारण चाळीस वर्षांहून जास्त काळ सिद्ध झालेली वस्तू आपल्या ट्रकखाली अजून दिसत नाही, याला नुसते आपले मागासलेपण म्हणणे सोपे आहे आणि चूकही आहे.

किंमत हे पहिले कारण, ते लगेच कळते. पोलाद किलोमागे फार स्वस्त आहे. शिवाय पोलादही गप्प बसलेले नाही. मधे जाड आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे 'पॅराबोलिक' पाटे आले, त्यात आठ-दहा पाट्यांचे काम दोन-तीन पाटे करतात आणि वजन साधारण एक-तृतीयांशाने घटते. मालकाला तेवढे पुरते. दुसरे कारण राळेचे. ती शंभरेक अंशांच्या पुढे मऊ पडू लागते, त्यामुळे सायलेन्सरच्या नळीजवळ किंवा वेल्डिंगच्या ठिणगीखाली तिला ठेवता येत नाही. ताणाखालच्या काचतंतूला ओलावाही मानवत नाही, म्हणून राळेचा वरचा थर उडालेला चालत नाही. आणि उडालेली खडी तर आपल्या रस्त्यांवर रोजची.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिसरे कारण. आपल्याकडे गाडी कारखान्यातून निघते तेव्हा ती पुरी झालेली नसते. मालक ती एबी रोडवरच्या कमानीवाल्याकडे नेतो आणि सांगतो, दोन पाटे वाढव. कारण तो भार कागदावरच्यापेक्षा जास्त भरणार आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरचा मान्य भारच २० ते २५ टक्क्यांनी वाढवला, तेव्हा त्या कमानीवाल्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता असे म्हणावे लागेल. पोलादी संचात हे जमते. पाटा वाढवता येतो, काढता येतो, बसलेला पाटा तापवून ठोकून पुन्हा बाक देता येतो, तुटलेला एकच बदलता येतो. फायबरचा पाटा साच्यातून जसा निघाला तसाच जन्मभर राहतो. तो आखणाऱ्याला गाडीवर किती भार येणार हे आधीच नक्की माहीत असावे लागते. जर्मनीतली व्हॅन आणि इंदूरहून धुळ्याकडे कांदे घेऊन जाणारा ट्रक यांत हा फरक आहे.

शिवाय पोलादी पाटा मेला तरी संपत नाही. गाडीतून निघालेला पाटा लोहाराकडे जातो. महाराष्ट्रात ऊसतोडीचा कोयता, विळा, सुरा हे जुन्या पाट्यांपासून घडवतात, नेपाळातली कुकरीही पुष्कळदा ट्रकच्या पाट्याचीच असते. त्या पोलादातला चिवटपणा पात्याला नेमका लागतो. फायबरच्या पाट्याचे असे काही होत नाही. एकदा घट्ट झालेली राळ पुन्हा वितळत नाही. भुकटी करून दुसऱ्या कशात भरण म्हणून घालता येते, किंवा युरोपात पवनचक्क्यांच्या पात्यांचे करतात तसे सिमेंटच्या भट्टीत घालता येते, म्हणजे राळ जळून उष्णता देते आणि काचेतली वाळू सिमेंटात जाते. उपाय आहे, पण तो गावच्या भात्यावर होण्यासारखा नाही.

विजेवर चालणाऱ्या बस आणि हलक्या मालगाड्या आता आल्या आहेत, त्यामुळे हिशेब थोडा बदलतो आहे. बॅटरीचे वजनच इतके असते की बाकी कुठून तरी किलो कमी करावे लागतात. शहरी बसवर किती माणसे चढणार हे बऱ्यापैकी ठरलेले असते आणि गरम सायलेन्सरही नसतो. फायबरच्या कमानी आपल्याकडे आल्या तर आधी तिथे येतील, कांद्याच्या ट्रकखाली नंतर, असा माझा अंदाज आहे. पीथमपूरला नॅट्रॅक्सची मोठी चाचणी-धाव झाली आहे, तिचा ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग २०२१ साली खुला झाला. आमच्या वेळी मानपूरचा घाट हीच प्रयोगशाळा होती. आज ती वेळ येणार नाही.

प्रयोग गुंडाळला गेला तेव्हा उरलेल्यांपैकी एक पाटा मी घरी आणला होता. बरीच वर्षे तो माळ्यावर होता. निवृत्त झाल्यावर एक दिवस तो घेऊन मी ज्यांच्याकडून हे काम शिकलो त्या उस्तादांकडे गेलो. एबी रोडला त्यांचे दुकान आहे. वय झालेले, पण हात चालू. त्यांनी पाटा एका हाताने उचलला आणि आधी हसले. मग उलटसुलट करून पाहिला, दोन विटांवर ठेवून त्याच्यावर उभे राहिले, उतरले आणि तो पूर्वीसारखा झालेला पाहून मान हलवली. मग म्हणाले, "साब, चीज़ अच्छी है, मगर इसमें हथौड़ा कहाँ मारेंगे?"

मी सांगितले, कुठेच नाही. हातोडा मारला तर आतले थर सुटतील आणि बाहेरून दिसणारही नाहीत. जॅकसुद्धा याच्याखाली लावायचा नाही. ते जरा नाराज झाले. म्हणाले, "फिर हमारा काम क्या?"

तेव्हा मी त्यांना थर सुटल्याचे ओळखण्याची साधी रीत दाखवली. विमानाच्या कारखान्यातही ती वापरतात. नाण्याने टिचक्या मारत जायचे. जिथे थर घट्ट, तिथे आवाज टणटणीत येतो. जिथे सुटले, तिथे बद्द. बाजारात मडके घेताना आपण वाजवून घेतो तेच. उस्तादांनी माझ्या हातातले नाणे घेतले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वाजवत गेले, परत आले, डोळे मिटून पुन्हा गेले आणि मधल्या भागाच्या थोडे अलीकडे, कडेजवळ, खडूने एक लंबगोल काढला. मला तिथे काही वेगळे ऐकू आले नव्हते. पाटा तसाही वापरायचा नव्हता, म्हणून करवतीने तिथे कापला. दोन थरांच्या मधे, केसाएवढी बारीक, तीन बोटे लांब फट होती. खडूच्या रेघेच्या आतच.

त्यांचा नातू शेजारी उभा होता. त्याने ते नाणे उचलले आणि उरलेल्या अर्ध्या पाट्यावर वाजवायला लागला.